दोरी आणि वाट

महाराष्ट्राबाहेर आयुष्य घालविणाऱ्या आपणां मंडळींना एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. गाव किती दूर, हे मैलांवर ठरत नसून गाडी कोठे आणि किती वेळा बदलावी लागते यावर ठरते. मुंबई आणि लंडन या दोन नगरांमधील प्रवासाचा इतिहास हेच सांगतो. पृथ्वीच्या गोलावर या दोहोंमध्ये दोरी ताणून धरली, तर ती सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. प्रवासाची वाट मात्र या दोरीशी क्वचितच जुळली आहे.

सुएझचा कालवा १८६९ साली खुला होईपर्यंत मालाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत. ती वाट सुमारे १०,७०० सागरी मैलांची होती. कालव्याने तीतील चार हजारांहून अधिक मैल वाचविले. पुढे विमान आले. आकाशात डोंगर नाहीत, किनारे नाहीत. तेव्हा आता वाट दोरीसारखीच सरळ होईल, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडन ते कराची हा मार्ग सुरू केला, तेव्हा उतारूला बाझेलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत आगगाडी, मग अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान आणि पुढे आणखी एक विमान, असा सात दिवसांचा प्रवास करावा लागे. कराचीहून मुंबईला विमानाने टपाल येण्यास १५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस उजाडावा लागला. ते छोटे विमान जे. आर. डी. टाटा यांनी स्वतः चालवीत जुहूला उतरविले.

स्वातंत्र्यानंतर, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनीव्हा येथे थांबून १० जूनला लंडनला पोहोचले. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली. आज हाच प्रवास मध्ये न उतरता नऊ-दहा तासांत होतो.

ही सारी कथा यंत्राच्या विजयाची म्हणून सांगण्याचा मोह होतो. पण ती तेवढीच नाही. १९६७ च्या युद्धानंतर सुएझचा कालवा आठ वर्षे बंद राहिला आणि जहाजे पुन्हा आफ्रिकेच्या जुन्या वाटेला लागली. आकाशातही तसेच घडले. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, तेव्हा जुलैपर्यंत दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेचा वळसा घ्यावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झाले. विमानांचा वेग तोच होता. वाढले ते शेजाऱ्यांमधील वैर.

परदेशी असलेल्या मुलाला आईच्या आजाराची वार्ता कळते, तेव्हा तो दोरीची लांबी पाहत नाही. आपण वेळेवर पोहोचू का, एवढेच तो विचारतो. त्याचे उत्तर जितके यंत्राच्या हाती, तितकेच वाटेवरच्या राष्ट्रांच्या सलोख्याच्या हाती आहे. दोरी मोजण्यास भूगोल पुरतो. वाट मोजावयाची तर इतिहासच पाहावा लागतो.