दख्खनच्या शिकारी कुत्र्यांचीं नांवें

हिंगोलीच्या परिसरांत कयाधू नदीच्या कांठीं नरसी नांवाचें गांव आहे. संत नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्यें येथेंच झाला अशी परंपरा आहे. नामदेवांची एक गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. कुत्र्यानें त्यांची भाकरी पळविली, तेव्हां ते काठी न उचलतां तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले आणि कोरडी भाकरी खाऊं नकोस म्हणून त्याला विनवूं लागले. त्या कुत्र्यांत त्यांनीं विठ्ठल पाहिला. कथेंतील कुत्र्याला दुसरें नांवच नाहीं, आणि तें असावें असें सांगणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला कधीं वाटलेंही नाहीं.

परंतु ज्या माणसाची शिकार कुत्र्याच्या पायांवर अवलंबून असे, त्याला नांवावांचून चालण्यासारखें नव्हतें. मराठवाड्याच्या उघड्या माळावर सशाच्या मागें सुटलेलें कुत्रें पाहतां पाहतां दृष्टीआड होई. त्याला परत आणण्याचें साधन एकच: धन्याची हांक.

हें कुत्रें म्हणजे कारवानी. लांबट निमुळतें तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलें पोट आणि काटक पाय, असा त्याचा बांधा. तें वासावर माग काढीत बसत नाहीं. सावज डोळ्यांनीं हेरतें आणि सरळ त्यावर तुटून पडतें. अरबस्तान व इराणकडील सलुकी आणि मध्य आशियांतील ताझी या वाळवंटी कुत्र्यांशीं त्याचें रूप इतकें जुळतें कीं, त्याचे पूर्वज तिकडील व्यापारी आणि शिपाई यांच्याबरोबर दख्खनेंत आले असावेत, असें सामान्यतः मानलें जातें. ताझी म्हणजे अरबी. मराठींत हाच शब्द ‘ताजी’ होऊन अरबी घोड्याला लागला. फारसींत घोडा आणि कुत्रा या दोघांनाही तो चालतो. वेगवान जनावर अरबस्तानांतूनच यावयाचें, ही त्या काळची समजूत एका शब्दांत गोठून राहिली आहे.

‘कारवानी’ हें नांवही असेंच बोलकें आहे. हें नांव कुळाचें किंवा गांवाचें नव्हे, वाटेचें आहे. तो कारवान म्हणजे पश्चिम आशियांतून आलेला काफिला, असें कोणी म्हणतात. कोणाच्या डोळ्यांपुढें बैलांच्या पाठीवर धान्य लादून दख्खनभर फिरणारे लमाणांचे तांडे येतात. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धांत वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरविणारे हेच बंजारे होते. हिंगोलीच्या आसपास त्यांचे तांडे आजही वसलेले आहेत. याच जातींतील लांब केसांच्या कुत्र्याला ‘पश्मी’ म्हणतात. फारसी ‘पश्म’ म्हणजे लोंकर, हें शालींचा शौक असणाऱ्या घरांत सांगावयास नको.

जातीचें नांव असें इतिहासांतून येतें. एकेका कुत्र्याचें नांव मात्र बहुधा सृष्टींतून घेतलेलें असतें. ही चाल फार जुनी आहे. मिसर देशाच्या थीब्स नगरींत, इ. स. पूर्वीं सुमारें २१०० च्या सुमारास, दुसरा इंतेफ नांवाचा राजा होऊन गेला. त्याच्या थडग्याच्या शिलेवर त्याचीं आवडतीं कुत्रीं नांवांनिशीं कोरलीं आहेत. नांवें मिसरी नाहींत, पश्चिमेकडील वाळवंटांतील लोकांच्या भाषेंतलीं आहेत. म्हणून कोरणाऱ्यानें शेजारीं अर्थही दिला आहे. एकाचें नांव बेहकाई, म्हणजे वाळवंटांतील हरिण. दुसऱ्याच्या नांवाचा अर्थ काळा. ज्या हरिणामागें धांवावयाचें, त्याचेंच नांव कुत्र्याला! पुढें सुमारें हजार वर्षांनीं थडग्यांच्या चोऱ्या होऊं लागल्या आणि सरकारी तपासणी झाली. त्या तपासणीच्या कागदांतही, राजाच्या पायांशीं उभ्या असलेल्या त्या बेहकाईची नोंद अधिकाऱ्यांनीं घेतली आहे.

इ. स. पूर्व चौथ्या शतकांतील ग्रीक लेखक झेनोफोन यानें शिकारीवर लिहितांना कुत्र्यांच्या नांवांची लांबलचक यादीच दिली आहे. त्यांत आकाश आहे, सूर्यकिरण आहे, ज्वाला आहे. नांव आंखूड असावें, म्हणजे हांक मारावयास सोपें जातें, असा त्याचा व्यवहारी सल्ला आहे. आपल्या वैदिक वाङ्मयांतील सरमेचें नांव धांवण्याच्या अर्थाच्या धातूपासून निघालें आहे असें मानतात, आणि यमाच्या श्वानांना श्याम व शबल हीं रंगांवरूनच नांवें मिळालीं.

मराठी माणसानें झेनोफोन वाचला नव्हता. पण त्याचा सल्ला त्यानें तंतोतंत पाळला. मोत्या, काळ्या, वाघ्या. दोन अक्षरें आणि शेवटीं ताणतां येईल असा ‘आ’. नुसत्या ‘वाघ’ या शब्दाची हांक माळावर पोंचत नाहीं, ओठांशींच विरते. ‘वाघ्याऽऽ’ ही हांक ओढ्यापलीकडे जाते. व्याकरणकार याला लाडाचा प्रत्यय म्हणतील, आणि तो तसा आहेही. परंतु माळावर त्याचा उपयोग लाडापेक्षां अधिक आहे.

या ‘वाघ्या’ नांवाचें मूळ केवळ पंजांत आणि दांतांत नाहीं. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, हें त्याच्या कोणत्याही टांकावर दिसतें. त्याचे भक्त वाघे म्हणवितात, वाघाच्या कातड्याच्या पिशवींत भंडारा बाळगतात आणि आपण देवाचे कुत्रे आहोंत असें मानून कोटंब्यांत वाढलेलें अन्न खातात. देवाच्या संगतींत वाघाचा माणूस झाला तो पहिला वाघ्या, अशी कथा आहे. वाघ, कुत्रा आणि भक्त हे तिघे या एका नांवांत एकत्र नांदतात. धनगरानें कुत्र्याला वाघ्या म्हटलें, तर त्यांत शौर्याची अपेक्षा आहे तशी खंडोबाची आठवणही आहे. परकी भाषेंत त्याचें ‘टायगर’ असें रूपांतर केलें कीं अर्धाअधिक अर्थ गळून पडतो.

रायगडावर १९३६ मध्यें याच नांवाच्या कुत्र्याचें स्मारक उभें राहिलें. शिवाजी महाराजांच्या चितेंत उडी घेणाऱ्या वाघ्याची कथा लोकप्रिय आहे, पण समकालीन कागदांचा तिला आधार नाहीं, आणि २०११ मध्यें त्या पुतळ्यावरून मोठा वादही झाला. साताऱ्याजवळ माहुलीस शाहू महाराजांच्या खंड्याची समाधि आहे. वाघाच्या तावडींतून धन्याला वांचविणाऱ्या या कुत्र्याला महाराजांनीं पालखीचा मान दिला, असें सांगतात. पाण्यावर सरळ झेंप घेणाऱ्या निळ्या पक्ष्यालाही मराठींत खंड्याच म्हणतात. शिकारी कुत्र्याला तें नांव मोठें शोभून दिसतें. तरीपण येथें पक्ष्यापेक्षां खंडेराव जवळचा वाटतो.

हा सगळा राजदरबारचा मान झाला. जातीच्या नांवावरही असाच एक राजवाडा येऊन बसला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं या कुत्र्यांची पैदास पद्धतशीरपणें करविली, आणि कारवानीचें ‘मुधोळ हाउंड’ झालें. २००५ मध्यें भारत सरकारनें तिकीट काढलें तें मुधोळच्या नांवानें. कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांपैकीं केनेल क्लब ऑफ इंडिया मात्र त्याला कारवान हाउंडच म्हणते. मुधोळकरांनीं या जातीची काळजी वाहिली, हें श्रेय त्यांचें आहेच. परंतु हीं कुत्रीं त्याआधीं पिढ्यान्‌पिढ्या वाड्यांवर, तांड्यांवर आणि पालांवर वाढलीं. त्या लोकांनीं ठेवलेलें नांव मागें पडावें, हा न्याय नव्हे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाला पूर्ण अभय मिळालें, आणि तें योग्यच झालें. ज्या कामासाठीं हा बांधा शतकानुशतकें घडविला गेला, तें काम मात्र त्याबरोबर संपलें. आतां कारवानी शेताच्या बांधावर बसतो, वाड्याची राखण करतो. इंतेफच्या बेहकाईला शिला मिळाली, शाहू महाराजांच्या खंड्याला समाधि मिळाली; तांड्यावरच्या कुत्र्याचें नांव मात्र त्याच्या धन्याच्या आवाजांतच राहिलें. संध्याकाळीं माळावरून तीच दोन अक्षरें ओरडलीं जातात, आणि बांधावरचें कुत्रें कान टवकारून उठतें.