हाडांचे बळ केवळ कॅल्शियमचे नव्हे

हाडांच्या बळकटीचा विषय निघाला की सर्वप्रथम नाव घेतले जाते ते कॅल्शियमचे. प्रत्यक्षात हाड ही खनिज आणि प्रथिन यांच्या संयोगातून घडलेली जिवंत ऊती आहे. यांपैकी एक घटक जरी बिघडला, तरी हाड सहज मोडू शकते.

दोन घटकांची जोडी

वजनाच्या हिशेबाने हाडात सुमारे ६० ते ७० टक्के खनिज, २० ते २५ टक्के सेंद्रिय द्रव्य आणि उर्वरित पाणी असते. खनिजाचा मुख्य भाग म्हणजे कॅल्शियम व फॉस्फेट यांपासून बनलेले हायड्रॉक्सिॲपटाइटचे सूक्ष्म स्फटिक. सेंद्रिय द्रव्यात सुमारे ९० टक्के वाटा कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा असतो. खनिजामुळे हाडाला काठिण्य लाभते, तर कोलॅजेनमुळे चिवटपणा.

कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवल्यास खनिज विरघळते. हाडाचा आकार कायम राहतो. मात्र ते रबरासारखे वाकते. याउलट, तीव्र आचेवर भाजल्यास कोलॅजेन जळून जाते आणि उरलेले पांढरे हाड ठिसूळ होऊन चुरते.

अभ्यासाच्या पद्धती

हाड जाळून उरलेल्या राखेच्या वजनावरून खनिजाचे प्रमाण काढतात. कोलॅजेनचा अंदाज हायड्रॉक्सिप्रोलीन या अमिनो आम्लावरून घेतात, कारण ते प्रामुख्याने याच प्रथिनात आढळते. स्फटिकांची रचना क्ष-किरणांच्या विवर्तनाने कळते. याच तंत्राच्या आधारे मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये कोलॅजेनच्या रेणूची तिपेडी रचना मांडली.

चाचणीची मर्यादा

रुग्णालयांत केल्या जाणाऱ्या 'डेक्सा' तपासणीत दोन भिन्न ऊर्जांच्या क्ष-किरणांनी हाडातील खनिजाची घनता मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार 'टी स्कोअर' उणे २.५ किंवा त्याहून कमी असल्यास त्यास अस्थिसुषिरता, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, म्हणतात. मात्र ही तपासणी कोलॅजेनची प्रत सांगत नाही. त्यामुळे 'टी स्कोअर' या मर्यादेच्या वर असलेल्यांचेही हाड किरकोळ पडण्याने मोडू शकते.

कोलॅजेनच्या जनुकांतील दोषामुळे होणाऱ्या 'ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा' या विकारात हाडे बालपणापासूनच वारंवार मोडतात. 'क' जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावीही कोलॅजेन कमकुवत बनते.

म्हणूनच केवळ घनतेच्या आकड्यावर न विसंबता वय, पूर्वीचे अस्थिभंग, स्टिरॉइडचा दीर्घकालीन वापर या बाबीही डॉक्टर विचारात घेतात. हाड झिजताना रक्तात उतरणारे कोलॅजेनचे तुकडे मोजून झिजेचा वेगही जाणता येतो. कॅल्शियमइतकेच आहारातील प्रथिने, 'ड' जीवनसत्त्व आणि नियमित व्यायाम यांनाही महत्त्व आहे, ते याच कारणाने.