डोके इंग्रजी, आटे परके

आमच्या आप्पाकाकांनी १९५३ साली मुंबईहून एक जुनी मोटार कोल्हापुरास आणली. दोनच माणसांची, लांब नाकाची, तारांच्या उंच चाकांची, नाव एम. जी. टीसी. घरात त्या वेळी अकरा माणसे होती. अकरा माणसांच्या कुटुंबात दोन माणसांची गाडी आणणाऱ्या गृहस्थाविषयी शेजारीपाजारी काय बोलले असतील, त्याची कल्पना वाचकांनीच करावी.

या गाडीची एक गंमत प्रथम सांगतो. तिच्या फळीवर दोन मोठ्या तबकड्या असतात. इंजिन मिनिटाला किती फेरे घेते ते दाखवणारी तबकडी चालकासमोर, आणि वेग दाखवणारी शेजारच्या प्रवाशासमोर. शर्यतीच्या वेडाने झपाटलेल्या माणसांना इंजिनाची नाडी अधिक मोलाची वाटे, म्हणून ही मांडणी. आमच्या घरी तिचा परिणाम एवढाच झाला, की काकांना वेग दिसत नसे आणि काकूला तो स्पष्ट दिसे. पन्हाळ्याच्या रस्त्याला लागले की काकू मोठ्याने आकडे वाचू लागे, "चाळीस झाले... पंचेचाळीस... अहो, पन्नास!" हे मैलांचे आकडे. काका म्हणत, "आणखी पंचवीस बाकी आहेत." यात अतिशयोक्ती नव्हती, ताशी पंचाहत्तर मैलांच्या आसपास ही गाडी सहज जाते.

हे इंजिन १२५० घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, ५४ अश्वशक्तीचे. आज घरोघरच्या लहान गाड्यांनाही याहून अधिक शक्ती असते. पण टीसीचे वजन आठशे किलोच्या आत, अंगाचा सांगाडा अ‍ॅश नावाच्या लाकडाचा, वर पत्रा. मान खाली करून काच पुढे पाडली की वारा थेट तोंडावर. सुतार, लोहार आणि कातारी या तिघांनी मिळून बांधलेली ती वस्तू होती.

एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्ड येथे विल्यम मॉरिस नावाचा मनुष्य प्रथम सायकली दुरुस्त करी. पुढे तो मोटारींचा मोठा कारखानदार झाला आणि लॉर्ड नफील्ड म्हणून प्रसिद्धीस आला. त्याच्या विक्रीच्या गॅरेजात सेसिल किंबर हा १९२१ साली नोकरीस लागला आणि वर्षभरात व्यवस्थापक झाला. मॉरिसची साधी, संसारी मोटार घ्यायची, तिच्या सांगाड्याला मुरड घालायची, वर हलके अंग चढवायचे, इंजिन घासूनपुसून चपळ करायचे आणि तरुणांना विकायचे, हा किंबरचा उद्योग. १९२९ साली एम. जी. कारखाना अ‍ॅबिंग्डन या लहान गावी गेला आणि १९८० साली बंद होईपर्यंत तेथेच राहिला. तेथला दूरध्वनी क्रमांक २५१ होता, म्हणून टीसी गाड्यांच्या सांगाड्यांचे क्रमांक एकपासून न धरता २५१पासून धरले. कारखान्यात अशी मिश्कील माणसे असली की मला तो कारखाना आवडू लागतो.

तेव्हा ही गाडी जन्मतःच दुसऱ्या गाडीची सुधारून वाढवलेली आवृत्ती होती. टीसीचे इंजिनही मॉरिस टेन या कुटुंबवत्सल मोटारीच्या इंजिनाचेच भावंड. विकत घेणाऱ्यांनी तोच धंदा पुढे चालवला. हेड रंधून दाब वाढवावा, झडपांच्या वाटा घासून गुळगुळीत कराव्यात, मोठे कार्ब्युरेटर बसवावेत, फारच हौस असेल तर हवा कोंबणारा सुपरचार्जर लावावा. या सर्व खटपटींची पायरीपायरीने माहिती देणारी पुस्तिका खुद्द कारखानाच देत असे.

या वेडाची परिसीमा पाहायची असेल तर १९३९ सालच्या जर्मनीत जावे लागते. पहिल्या महायुद्धात पाय जायबंदी झालेला गोल्डी गार्डनर हा इंग्रज अधिकारी मे महिन्याच्या अखेरीस आपली विक्रमी एम. जी. घेऊन देसाऊच्या सरळ रस्त्यावर उतरला. अकराशे घनसेंटिमीटरच्या आतल्या इंजिनाने त्याने ताशी दोनशे मैलांची मर्यादा ओलांडली. एवढ्यावर समाधान मानावे की नाही? पण त्याच्या माणसांनी इंजिन गाडीतून न उतरवता जागच्या जागी त्याचे सिलिंडर कोरून किंचित रुंद केले. इंजिन अकराशेच्या जरासे वर गेले, म्हणजे वरच्या वर्गात जमा झाले. आणि दोनच दिवसांनी, २ जून रोजी, गार्डनरने त्या वर्गातलाही विक्रम मोडला. तीन महिन्यांत त्याच देशाशी इंग्लंडचे युद्ध सुरू झाले.

किंबरला मात्र १९४१ साली नोकरीवरून दूर करण्यात आले. फेब्रुवारी १९४५मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ आगगाडी मागे घसरून अपघात झाला, त्यात तो गेला. त्याच वर्षी टीसी बाहेर पडली. १९४९पर्यंत सुमारे दहा हजार टीसी झाल्या आणि बऱ्याचशा परदेशी गेल्या. पुढे १९६१ साली जगज्जेता झालेला अमेरिकन फिल हिल सुरुवातीच्या शर्यती टीसीतच खेळला. त्या दहा हजारांतली एक, कोणाकोणाच्या हातून फिरत, आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराच्या पडवीत आली.

काकांनीही ती पुस्तिका मिळवली आणि हेड रंधून घेतले. परंतु त्या काळी आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलला तेवढा दाब सोसेना. चढावर इंजिन खडखडू लागले, जणू डब्यात खडे घालून कोणी हलवतो आहे. काकांनी मग एकावर एक दोन गॅस्केट बसवून दाब पुन्हा खाली आणला. म्हणजे आधी पैसे देऊन लोखंड काढले आणि नंतर पैसे देऊन तांबे भरले. काकूने हा हिशेब जन्मभर लक्षात ठेवला.

खरे संकट आले ते १९७१ साली. पाण्याचा पंप झिरपू लागला म्हणून गाडी एका वर्कशॉपात दिली होती. तेथे पंपाचे दोन बोल्ट हरवले आणि त्यांच्या जागी दुसरे लावले गेले. पंधरा दिवसांनी काका रत्नागिरीस निघाले. आंबा घाटात ते बोल्ट निघाले, पाणी गेले, इंजिन तापून लाल झाले आणि हेड वाकले. गाडी ट्रकवर घालून परत आणली. काकांनी ती पडवीत लावली, वर सतरंजी घातली आणि पुन्हा उघडली नाही. १९७९ साली ते वारले.

वर्षश्राद्ध झाल्यावर गाडीचे काय करायचे हा प्रश्न निघाला. थोरला चुलतभाऊ, आमचा दादा, व्यवहारी माणूस. त्याचे म्हणणे असे, की अँबॅसडरचे इंजिन टाकावे. सुटा भाग तालुक्याच्या गावीसुद्धा मिळेल, गाडी वीस वर्षे चालेल. मी कडाडून विरोध केला. काकांची गाडी, तिच्यात टॅक्सीचे इंजिन! मी पुराव्यासाठी पुस्तके धुंडाळू लागलो, आणि पुरावा मिळाला तो दादाच्या बाजूचा. अँबॅसडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे एम. जी.ची घरचीच बहीण. तिच्यातले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले आणि त्याच मापाचे इंजिन खुद्द अ‍ॅबिंग्डनच्या लोकांनी १९५५ साली आपल्या नव्या एम. जी. ए. गाडीत बसवले होते! दादा जे सुचवत होता ते कारखान्याने केव्हाच केले होते. हे मी दादाला त्या वेळी सांगितले नाही, हे आज कबूल करतो.

शेवटी गाडी शिवाजी उद्यमनगरात एका मिस्त्रींना दाखवली. उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांची ऑइल इंजिने दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी तेरा मिलिमीटरचा पाना लावला, तो बसेना. चौदाचा लावला, तो गरगर फिरला. मग पेटीच्या तळातून जुना इंग्रजी मापाचा, व्हिटवर्थ पाना काढला. तो नेमका बसला. मिस्त्री खूश झाले. पण बोल्ट काढून आट्यांवर माप ठेवताच त्यांचा चेहरा बदलला.

"मालक, डोस्कं इंग्रजी हाय ह्याचं, पर आटं इंग्रजी न्हाईत. कुणाचं हाय हे पाय?"

त्यांनी मिलिमीटरचे माप लावले. आठ मिलिमीटर जाडी आणि एका मिलिमीटरला एक आटा. आपल्याकडच्या आठच्या बोल्टला सव्वा मिलिमीटरचा आटा असतो. म्हणजे हा बोल्ट ना इंग्रजी, ना आपल्या बाजारातला.

याचे उत्तर शोधताना मला जो इतिहास सापडला, तो मला गार्डनरच्या विक्रमाहून नवलाचा वाटतो. बेंजामिन हॉचकिस हा अमेरिकन मनुष्य फ्रान्समध्ये जाऊन तोफा-बंदुकांचा कारखानदार झाला. त्याच्या मागे, पहिल्या महायुद्धात, जर्मन फौजा पॅरिसजवळचा कारखाना घेतील या भीतीने त्या कंपनीने इंग्लंडात कॉव्हेन्ट्री येथे दुसरा कारखाना काढला. यंत्रे अर्थातच फ्रेंच, मिलिमीटरच्या मापाची. युद्ध संपले, मशीनगनना गिऱ्हाईक राहिले नाही. इकडे मॉरिस अमेरिकेतून इंजिने आणवत असे, ती येईनाशी झाली होती. त्याने हॉचकिसकडे तशीच इंजिने बनवून मागितली आणि १९२३ साली तो कारखानाच विकत घेतला. यंत्रे बदलणे परवडणारे नव्हते, म्हणून आटे फ्रेंच राहिले. पण इंग्लंडातल्या खेडोपाडीच्या मिस्त्रींच्या पेटीत पाने व्हिटवर्थचे! म्हणून बोल्टची डोकी इंग्रजी मापाची केली. वापरणाऱ्याला पत्ताही लागू नये अशी ही तडजोड तीसहून अधिक वर्षे चालली, आणि आमच्या इंजिनापर्यंत आली.

आता आंबा घाटाचे कोडे सुटले. इंग्रजी पाच सोळांश इंचाचा बोल्ट म्हणजे ७.९४ मिलिमीटर. तो आठच्या भोकात आनंदाने शिरतो, दोन-तीन फेरे हाताने फिरतो आणि मग अडतो. अडल्यावर थांबायचे असते. त्या वर्कशॉपातल्या कोणीतरी पान्याला नळी लावून तो दाबून बसवला. आतले आटे कापले गेले, आणि बोल्ट घट्ट बसल्यासारखा दिसला. काका शेवटपर्यंत समजत होते, की हेड रंधण्याच्या आपल्या हौसेपायी इंजिन गेले. तसे ते एकदा काकूजवळ बोललेही होते. हा दोष त्यांचा नव्हता, हे कळायला दोन वर्षे उशीर झाला.

मी हे सर्व घरी सांगितले. या वेळी अँबॅसडरच्या इंजिनाची हकिगतही सांगितली. दादा म्हणाला, "म्हणजे मी बरोबर होतो." होताच. पण मिस्त्रींनी वेगळाच मुद्दा काढला. नवे इंजिन बसवायचे तर पुढचा पडदा आणि त्याला धरलेले लाकूड कापावे लागेल. "एकदा कापलं की परत न्हाई जुळायचं. इंजन काय, कवाबी बदलता येतंय."

काकू इतका वेळ शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "मग कापू नका. नाही चालली तर राहील पडवीत. इतकी वर्षे राहिलीच की."

मिस्त्रींनी खराब झालेली भोके मोठी करून त्यांत बिडाचे बुश ठोकले. आटे पाडायला त्या मापाचा टॅप हवा होता. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मी दोन दिवस हिंडलो. दुकानदार सव्वा मिलिमीटरचाच पुढे करीत. शेवटी मिस्त्रींनी पोलादी सळई घेतली, लेथवर स्वतः आटे कापले, खाचा काढल्या, भट्टीत तापवून तिला पाणी पाजले आणि आपला टॅप आपण तयार केला. षटकोनी सळईतून बोल्ट कातले. डोकी कोणत्या मापाची ठेवू, असे त्यांनी मला विचारले. चौदा मिलिमीटरची ठेवणे सोयीचे होते. क्षणभर विचार करून त्यांनीच उत्तर दिले, "ऱ्हाऊ दे इंग्रजीच." हेड सपाट करून घेतले, गॅस्केट या खेपेसही दोनच. १९८२च्या दसऱ्याला गाडी अंबाबाईच्या देवळापर्यंत आपल्या पायांनी गेली. शेजारी काकू होती. तिने पंचवीसपर्यंत आकडे वाचले. पुढे वाचायची वेळ आली नाही, कारण रस्त्यात गर्दी होती.

काकू, दादा आणि मिस्त्री तिघेही आता नाहीत. एम. जी. हे नाव २००५ सालानंतर चिनी कंपनीकडे गेले, आणि २०१९पासून गुजरातेत हालोल येथे त्या अष्टकोनी चिन्हाच्या भल्यामोठ्या गाड्या निघतात. आमच्या समोरच्या घरी तशी एक आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागल्यापासून मला टीसीच्या रबरी नळ्या दोनदा बदलाव्या लागल्या. गेल्या वर्षी पंप पुन्हा झिरपला, तेव्हा मी उद्यमनगरात मिस्त्रींच्या मुलाकडे गेलो. त्याच्याकडे आता संगणकावर चालणारी यंत्रे आहेत. मी बोल्ट पुढे केला, तसा त्याने खालचा खण ओढला आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेला टॅप काढला. वर एक पिवळा पडलेला कागद दोऱ्याने बांधला होता. त्यावर मिस्त्रींच्या अक्षरात लिहिले होते, 'आप्पासाहेबांची गाडी. जोर लावू नये.'