सर्पगंधेची मुळी, रक्तदाबाची गोळी आणि संध्याकाळचा पेला

१/
मोर्शी हे सातपुड्याच्या पायथ्याचे, वर्धा नदीच्या खोऱ्यातील, संत्र्याच्या बागांनी वेढलेले तालुक्याचे गाव. अशा गावातील एखाद्या घरात एकाच फळीवर तीन वस्तू सहज सापडाव्यात: डॉक्टरांनी लिहून दिलेली रक्तदाबाची गोळी, ‘मन शांत राहावे, झोप लागावी’ म्हणून आणलेले जडीबुटीचे चूर्ण आणि संध्याकाळची बाटली. तिन्ही एकाच देहात जातात. डॉक्टरांना मात्र बहुधा पहिलीचीच खबर असते. या तिघींच्या संगतीचा आधुनिक इतिहास पाऊणशे वर्षांचा आहे आणि त्याचे एक महत्त्वाचे पर्व मुंबईत घडले.

२/
कथेची नायिका सर्पगंधा. मराठीत तिला हरकय किंवा अडकई असेही म्हणतात. लहानसे झुडूप, पांढरी-गुलाबी फुले आणि अतिशय कडू मुळी. सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर ही मुळी देण्याची परंपरा जुनी आहे. बिहारकडे तर तिला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत. म्हणजे मन शांत करणारी वनौषधी हा आजच्या बाजाराने लावलेला शोध नव्हे.

३/
१९३१ साली दोन ठिकाणी ही मुळी प्रयोगशाळेच्या आणि रुग्णालयाच्या कसोटीला लागली. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातून क्षारद्रव्ये वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की, ही मुळी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावरही उपयोगी पडते. एकच मुळी मनावर आणि रक्तवाहिन्यांवर एकाच वेळी काम करते, ही नोंद पुढच्या साऱ्या यशाची आणि साऱ्या धोक्यांचीही किल्ली ठरली.

४/
मग आले मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील हे हृदयविकारतज्ज्ञ. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांनी ५० रुग्णांवरील सर्पगंधेच्या उपचाराचे निरीक्षण प्रसिद्ध केले. उच्च रक्तदाबावर भरवशाची गोळी जवळजवळ नव्हतीच, असा तो काळ. त्यांच्या निबंधामुळे भारतीय मुळी पाश्चात्त्य वैद्यकाच्या दारात उभी राहिली.

५/
पुढचा प्रवास वेगाने झाला. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी औषध वापरून पाहिले आणि रुग्ण शांत, निवांत होतात हे टिपले. १९५२ मध्ये बाझलच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी मुळीतून ‘रेसर्पीन’ हे मुख्य द्रव्य वेगळे केले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत वकील आणि क्लाइन या दोघांचीही नावे होती.

६/
पण याच कौतुकाच्या वर्षांत दुसरी बाजूही नोंदली जात होती. १९५४ मध्येच अमेरिकेतील एडवर्ड फ्राइस यांनी इशारा दिला की, मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रेसर्पीन घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांना खोल नैराश्य येते. चिंता घालवणारे औषध उमेदही घालवू शकते, असा तो प्रश्न होता.

७/
इतिहासाने येथे घाईने निकाल देऊ नये. १९५५ मध्ये लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डेव्हिस आणि शेपर्ड यांच्या चाचणीत चिंताग्रस्त व उदास रुग्णांना याच औषधाने बरे वाटल्याचे दिसले. रेसर्पीन नैराश्य आणतेच का, हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. तरीही नैराश्याचा पूर्वेतिहास असणाऱ्याला ते देऊ नये, ही खबरदारी वैद्यकाने कायम ठेवली.

८/
हे घडते कसे? मज्जापेशी सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनलिन ही संदेशद्रव्ये लहान कुप्यांत साठवतात. रेसर्पीन ही साठवणच बंद पाडते. कोठार हळूहळू रिकामे होते. १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा दिले आणि ते पुन्हा हालू लागले. त्यातून डोपामिनचे महत्त्व उमगले; २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळाले. कोठार पुन्हा भरायला वेळ लागतो, म्हणून औषध थांबवल्यावरही परिणाम काही दिवस ते काही आठवडे रेंगाळतो.

९/
आता संगतीचा हिशेब. रेसर्पीनवर मद्य घेतले की गुंगी वाढते आणि रक्तदाब अधिक खाली जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांबरोबरही गुंगीची हीच बेरीज. रक्तदाबाचे दुसरे औषध चालू असेल तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस कोसळावा. हृदयासाठी डिजिटॅलिस चालू असेल तर ठोके अनियमित होण्याची भीती. नैराश्यावरील एमएओ-रोधक गटाच्या औषधांबरोबर रक्तदाब उलट एकदम चढण्याचा धोका. कंपवातावरील एल-डोपाचा गुण कमी होतो. आणि रेसर्पीन चालू असताना विजेचे उपचार करू नयेत, हा नियम १९५०च्या दशकातील कटू अनुभवांनंतर आला.

१०/
हे सारे शुद्ध, मोजून दिलेल्या गोळीविषयी झाले. कच्च्या मुळीच्या चूर्णात द्रव्याचे प्रमाण झाडागणिक, मातीगणिक बदलते. चिमूटभर म्हणजे किती, हे सांगणे तेथे कठीण.

११/
वकिलांचा निबंध आणि मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा, दोन्ही १९४९चे. या कायद्याला फ्राम नसरवानजी बलसारा यांनी आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बराचसा भाग वैध ठरवला. मात्र मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांना लागू होणारी काही बंधने रद्द केली. औषधातील मद्य आणि पेल्यातील मद्य कायद्याच्या दृष्टीने वेगळे. शरीर मात्र असा भेद करीत नाही.

१२/
याचे घरगुती उदाहरण म्हणजे आसव-अरिष्टे. गूळ आणि धायटीची फुले घालून काढा आंबवला की मद्यार्क आपोआप तयार होतो. अनेक अरिष्टांत तो ५ ते १० टक्क्यांच्या आसपास असतो. मूर्च्छा व मनोविकारांसाठी सांगितलेले, ‘भैषज्यरत्नावली’तील अश्वगंधारिष्ट याच कुळातले. नेहमीच्या मात्रेत हा मद्यार्क थोडा असतो. पण थोडासुद्धा नको, अशी परिस्थिती येऊ शकते.

१३/
ती आणली १९४८ मधील एका शोधाने. डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन यांना आढळले की, डायसल्फिरम घेतलेल्या माणसाने मद्य घेतले की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात आणि रक्तदाब कोसळू शकतो. तेव्हापासून दारू सोडवण्यासाठी ही गोळी दिली जाते. दारू सोडताना जीव घाबरा होतो, झोप उडते. मग कोणी प्रेमाने अरिष्ट आणून देतो. डायसल्फिरमवरील माणसाला ते दोन चमचेही भारी पडू शकतात. कफाच्या काही औषधांतही मद्यार्क असतो, हेही येथेच सांगितले पाहिजे.

१४/
नव्या शतकाने हाच धडा इतर वनस्पतींतून गिरवला. उदासीवर युरोपात घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्टमुळे एचआयव्हीवरील इंडिनाविरचे रक्तातील प्रमाण निम्म्याहून अधिक घटते, हे २००० साली कळले. त्याच वर्षी झुरिचमधून हृदयारोपणाच्या दोन रुग्णांची नोंद आली: ही वनस्पती घेतल्याने सायक्लोस्पोरिन कमी पडले आणि शरीर नवे हृदय नाकारू लागले. अश्वगंधा घेणाऱ्या पाच जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतून आल्या. २०२३ मध्ये डेन्मार्कने तिच्यावर बंदीच घातली. भारतात ती परंपरामान्य औषधी आहे. लाखो लोक ती विनातक्रार घेतात, हेही खरे. पण झोपेच्या, थायरॉइडच्या किंवा मधुमेहाच्या गोळीबरोबर ती घेताना विचारणे आवश्यक, हेही तितकेच खरे.

१५/
कायद्याने प्रयत्न केला नाही असे नाही. १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने उच्च रक्तदाब आणि वेडेपणा बरा करण्याच्या जाहिरातींना मनाई केली. पण कायदा जाहिरात थांबवू शकतो. घरातील फळीवर कशाशेजारी काय ठेवले आहे, हे त्याला दिसत नाही.

१६/
वऱ्हाडात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने पॅकेज दिलेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अमरावती आणि अकोला होते. नापिकीची चिंता, कर्जाची रात्र, त्यावर पेला आणि त्यावर शांततेचे चूर्ण, ही साखळी येथे कुणालाही ओळखीची वाटेल. मद्य स्वतःच उदासी वाढवते. त्यात मनाचे कोठार रिकामे करणारी मुळी पडली, तर दुखणे कशाचे हे ओळखणेही अवघड होते. मन फार खचले असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे.

१७/
वकिलांनी सर्पगंधेला मान दिला तो तिला औषध मानून: रुग्ण निवडले, रक्तदाब मोजला, परिणाम लिहून ठेवले. जडीबुटीला ‘निरुपद्रवी’ म्हणणे हा तिचा गौरव नव्हे. ज्यात गुण असतो त्यात अपाय करण्याची शक्तीही असते. म्हणून दवाखान्यात जाताना चूर्णाची पुडी, अरिष्टाची बाटली आणि पेल्याचा खरा हिशेब सोबत न्यावा. वैद्यांकडे जाताना गोळ्यांची पाकिटे न्यावीत. चालू गोळी मनानेच एकदम बंद करू नये, कारण झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक थांबवणेही घातक ठरते. आणि डॉक्टरांनीही एक प्रश्न नेहमी विचारावा: “याशिवाय आणखी काय घेता?”