परिघाच्या आतला परिघ : कृष्णवर्णीय समलिंगी चित्रपट आणि मराठीतील अर्धे नाते

मराठी दलित साहित्याचे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयाशी असलेले नाते मोठ्या प्रमाणात मराठवाड्यात घडले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या म. ना. वानखेडे यांनी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात या वाङ्मयाची चर्चा रुजवली, 'अस्मितादर्श'ने तिला व्यासपीठ दिले आणि लातूरला प्राचार्य असलेल्या जनार्दन वाघमारे यांनी त्याचा परिचय मराठी वाचकाला करून दिला. हे लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याचाच भाग होते. १९७२ मध्ये दलित पँथरने तर आपले नावच ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. मात्र या स्वीकारात वर्ण आणि जात यांचे साम्य जेवढे ठळक झाले, तेवढा लैंगिकतेचा प्रश्न झाला नाही.

ही उणीव लँग्स्टन ह्यूज यांच्या संदर्भात विशेष जाणवते. आयझॅक ज्युलियन यांच्या 'लुकिंग फॉर लँग्स्टन' (१९८९) या चित्रपटाने हार्लेमच्या प्रबोधनाकडे समलिंगी आकांक्षेच्या अंगाने पाहिले. ह्यूज यांच्या वाङ्मयाच्या हक्कधारकांनी हरकत घेतल्यामुळे अमेरिकेतील प्रदर्शनात त्यांच्या कवितांच्या ठिकाणी ध्वनी क्षीण करण्यात आला. वंशाचा अभिमान म्हणून मिरवला जाणारा कवी लैंगिकतेचा प्रश्न येताच मूक केला जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. त्याच वर्षी मार्लन रिग्ज यांच्या 'टंग्ज अनटाइड'ने गोऱ्या समलिंगी समाजातील वर्णद्वेष आणि कृष्णवर्णीय समाजातील समलिंगीद्वेष या दोहोंविरुद्ध स्वतःच्या तोंडून साक्ष दिली. शेरिल डुनये यांनी 'द वॉटरमेलन वुमन' (१९९६) मध्ये, इतिहासाने नोंद न ठेवलेल्या कृष्णवर्णीय समलिंगी अभिनेत्रीचा दस्तऐवज कल्पनेने रचला. स्वकथन आणि हरवलेल्या नोंदीची पुनर्रचना ही या चित्रपटांची दोन प्रमुख साधने होत. 'बलुतं'पासूनच्या दलित आत्मकथनांच्या वाचकाला ती परकी वाटू नयेत.

मराठी चित्रपटात मात्र ही साधने या विषयाकडे फार उशिरा वळली. 'उंबरठा' (१९८२) मध्ये दोन आश्रमवासी स्त्रियांचे नाते संस्थेपुढील पेच म्हणून येते. त्या स्त्रियांची दृष्टी कथनाच्या केंद्रस्थानी येत नाही. राजीव पाटील यांचा 'जोगवा' (२००९) जात, दारिद्र्य आणि लिंगभाव यांची गाठ दाखवतो. तुळजापूर-येरमाळ्याच्या आराधी परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला परडी आणि कवड्यांच्या माळेचे हे जग जवळचे आहे. यल्लम्माच्या नावाने तायप्पाला साडी नेसवली जाते. ही सक्ती चित्रपट निर्भीडपणे उघडी करतो, पण सुलीच्या प्रेमातून तायप्पाला पुरुषपण परत मिळणे हीच त्याची मुक्ती ठरते. ज्या जोगत्याला साडी हेच आपले स्वत्व वाटते, त्याला या करुणेत जागा उरत नाही. 'नटरंग' (२०१०) मधील गुणाची शोकांतिकाही त्याच्या पौरुषावर घेतल्या गेलेल्या संशयाची आहे. दोन्ही चित्रपटांत स्त्रैणता पुरुषावर ओढवलेले संकट म्हणूनच अर्थपूर्ण होते.

रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' (२०२५) ही चौकट मोडतो. सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे परीक्षक-मंडळाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या या चित्रपटात आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, आणि बालमित्र बाळ्याशी त्याचे नाते पुन्हा जुळते. नातेवाईक लग्नाचा धोशा लावतात. आईला मात्र मुलाचे सत्य ठाऊक आहे आणि ती त्याच्या पाठीशी आहे. येथे समलिंगी प्रेम शहरातून आयात झालेले नाही, ते सुतकाच्या नियमांत आणि रानात वावरते. दिग्दर्शकाच्या जीवनानुभवातून आलेली ही कृती रिग्ज यांच्या स्वकथनाशी नाते सांगते.

तरीही एक प्रश्न उरतो. 'जोगवा'त जात आहे पण समलिंगी आकांक्षेला वाव नाही. 'साबर बोंडं'मध्ये ती आकांक्षा आणि वर्गभेद आहेत, पण जात कथेचा उघड विषय होत नाही. रिग्ज यांनी एकाच देहावर उमटलेली दोन बहिष्कारांची खूण दाखवली. मराठीत हे दोन बहिष्कार अद्याप वेगवेगळ्या चित्रपटांत विभागलेले दिसतात. मराठवाड्याने जोडलेले ते नाते पूर्ण करायचे, तर या विभागणीचा विचार समीक्षेला टाळता येणार नाही. ह्यूज यांच्या ओळींवर लादले गेलेले मौन मराठी वाचनानेही नकळत पाळले आहे.