भिवंडी: पोलिसांनी वाचलेलं शहर

समाजशास्त्र म्हणजे परीक्षेपुरतं, पुढे उपयोग दंडुक्याचाच, असं आपल्याकडे बऱ्याच पोलिसांना वाटतं. आम्हाला भिवंडीचा इतिहास याच्या नेमका उलट दिसतो.

७ मे १९७० ला इथे शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच, आणि या वेळी आग मुंबई-ठाण्यापर्यंत गेली. शांतता समित्या तेव्हाही होत्या. पण त्यांत बसायचे पुढारी आणि प्रतिष्ठित. तणाव आला की बोलवायचं, चहा पाजायचा, आवाहन छापायचं.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. ‘गुंड कोण?’ हा नेहमीचा प्रश्न. त्यांच्या कामात दुसराच प्रश्न दिसतो: इथे कोण कोणाला रोज भेटतं? भिवंडी यंत्रमागाचं शहर. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलुगू पद्मशाली, स्थानिक कोकणी मुसलमान, सुताचे व्यापारी. धंद्यात एकाचं दुसऱ्यावाचून अडतं, पण संध्याकाळी जो तो आपल्या मोहल्ल्यात. खेड्यात रोजच्या ओळखीवर भागतं. एवढ्या मोठ्या शहरात ओळख मुद्दाम बांधावी लागते. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी पुढे भिवंडीचा अभ्यास करून हाच मुद्दा मांडला.

खोपडेंनी वस्तीवार सुमारे सत्तर मोहल्ला कमिट्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसं, आणि सोबत त्या भागातले पोलीस. बैठका दंगल नसतानाच व्हायच्या. विषय काय? शेजाऱ्यांची भांडणं, वस्तीतल्या बारीकसारीक कुरबुरी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण खरी कमाई तिथेच होती. अफवा आली की ‘खरं का हो?’ असं विचारायला पलीकडच्या मोहल्ल्यात ओळखीचा माणूस असायचा. आणि हवालदार दिसला म्हणजे कुणाला तरी उचलायलाच आलाय, असं वाटेनासं झालं.

डिसेंबर १९९२ ते जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं गेली. भिवंडी शांत राहिली.

मात्र ही ओळख एकदा बांधली की कायमची टिकते, असं समजू नका. जुलै २००६ मध्ये याच गावात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. गोळीबारात दोघे गेले, नंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना मारलं. या वेळी समोरासमोर हिंदू-मुसलमान नव्हते. एका बाजूला मोहल्ला होता, दुसऱ्या बाजूला पोलीस.