फाळके, दादासाहेब : बडोद्याचे पर्व

फाळके, धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब : (३० एप्रिल १८७०–१६ फेब्रुवारी १९४४). भारतीय चित्रपटाचे जनक. जन्म त्र्यंबकेश्वर येथे. त्यांच्या चरित्रात ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाला मोठी जागा मिळते आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत नोंदीत मात्र त्याआधीच्या बडोद्यातील वास्तव्याचा मुख्यतः विचार केला आहे. फाळके पडद्याकडे वळले ते रंगभूमीच्या वाटेने, आणि ही वाट बडोद्यातून जाते.

वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी अध्यापक. घरची वृत्ती वैदिक, पण मुलाची ओढ चित्रे, नाटक आणि जादू यांकडे. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतल्यानंतर पुढे थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर फाळके बडोद्यास आले. बडोद्याचे राजे सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही शिक्षणसंस्था स्थापन केली. तिचे प्रमुख होते रसायनज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर.

दांडिया बाजार, रावपुरा, सूरसागर तलावाचा परिसर हे बडोद्याचे मराठी अंग. गायकवाडांच्या सरदार-कारकुनांचे वाडे, देवळे, मराठी बोलणे. जवळच दिवाण भाऊ तांबेकर यांचा लाकडी वाडा, ज्याच्या भिंती एकोणिसाव्या शतकातील चित्रांनी भरलेल्या आहेत. राजा रविवर्मा यांनी राजवाड्यासाठी पौराणिक चित्रे रंगवली तीही याच सुमारास. देवादिकांना माणसासारखे शरीर आणि नाटकासारखा प्रवेश देण्याची रीत या शहराच्या डोळ्यांसमोर घडत होती. विशीतल्या फाळके यांच्यावर तिचा ठसा उमटला असावा, असे त्यांचे चित्रपट पाहताना वाटते.

कलाभवनात त्यांनी तैलरंग व जलरंग चित्रण, वास्तुकला आणि प्रतिमाकाम यांचे शिक्षण घेतले. छायाचित्रणाचा छंद इथेच जडला. काच धुणे, छाप काढणे, ठसे बनवणे यांत ते रमले. त्यांची हातोटी पाहून गज्जर यांनी त्यांना तीनरंगी ठसे व शिळाछपाई शिकण्यासाठी रतलामला पाठवले आणि परतल्यावर कलाभवनाची छायाचित्रशाळा वापरायला दिली. गुरूने आपली प्रयोगशाळा शिष्याच्या हाती सोपवावी, ही आजही दुर्मीळ गोष्ट आहे. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात फाळके यांना सुवर्णपदक मिळाले, ते आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल. चित्रकला, छायाचित्रण आणि वास्तुकला शिकणाऱ्या या विद्यार्थ्याच्या मनात तेव्हा काय होते, हे सांगणारा याहून बोलका पुरावा नाही.

पुढची वर्षे खडतर गेली. छायाचित्रकार म्हणून ते गोध्र्यास गेले, तेथे प्लेगमध्ये पत्नी व मूल दोन्ही गमावून बडोद्यास परतले. पुन्हा छायाचित्रणाचा धंदा मांडला, पण कॅमेरा माणसाचे बळ शोषून घेतो या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायला घेतले. नेपथ्य, रंगभूषा, प्रवेश बांधण्याची पद्धत, तालमी हे सारे त्यांनी विंगेत उभे राहून शिकले. लहानसहान भूमिकाही केल्या. दौऱ्यावर आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि १९०१ पासून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे जाहीर प्रयोग करू लागले. ‘केळफा’ म्हणजे ‘फाळके’ हीच अक्षरे उलट क्रमाने. १९०२ मध्ये त्यांचा गिरिजा करंदीकर (विवाहोत्तर सरस्वतीबाई) यांच्याशी विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांशी सरस्वतीबाईंचे नाते होते. पुढे कच्च्या फिल्मला भोके पाडण्यापासून साऱ्या चमूचा स्वयंपाक रांधण्यापर्यंत सर्व काही त्यांनी केले. त्यांचा वाटा चरित्रलेखनात नेहमी कमी मोजला गेला आहे.

पुरातत्त्व खात्यातील नोकरी आणि लोणावळा-मुंबईतील छापखाना यांनंतर १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी पाहिला आणि पुढचा इतिहास घडला. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी यंत्रसामग्री आणली. परतल्यावर एकेक चौकट थांबून थांबून टिपली आणि वेलीची वाढ पडद्यावर दाखवली. ती पाहून सावकाराने भांडवल दिले. बडोद्याच्या जादूगाराला हा खेळ अवघड नव्हता. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) यांतील चमत्कृतींमागेही केळफांचीच समज आहे. केळफा स्वतःही पडद्यावर आले: फाळके यांनी आपले जादूचे प्रयोग चित्रित केले.

नट मिळवणे हे त्यांचे मोठे दुखणे होते. ‘हरिश्चंद्र’मध्ये रंगभूमीवरचे दत्तात्रय दाबके राजा झाले, खानावळीत काम करणारे अण्णा साळुंखे तारामती झाले आणि रोहिदास झाला फाळके यांचाच मुलगा भालचंद्र. त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला (पुढे कमलाबाई गोखले) यांनी स्त्रीभूमिका केल्या, त्याही नाटक मंडळीतूनच आलेल्या. कन्या मंदाकिनी ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली. चित्रपटाच्या आरंभीच तिच्या मुद्राभिनयाचे प्रात्यक्षिक आहे: वेशभूषा, कथानक काहीही नाही, फक्त लहान मुलीचा चेहरा आणि त्यावर पालटणारे भाव. तो भाग आजही पाहायला मिळतो आणि या नोंदीच्या प्रत्येक वाचकाने तो जरूर पाहावा.

भागीदारीत काढलेल्या हिंदुस्तान फिल्म कंपनीशी मतभेद झाल्यावर फाळके काशीस गेले आणि तिथे त्यांनी नाटक लिहिले. नाव ‘रंगभूमी’. ते चालले नाही. शेवटचा चित्रपट ‘गंगावतरण’ (१९३७) त्यांनी कोल्हापुरात केला. निधन नाशिक येथे. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

बडोद्याच्या कलाभवनाच्या वास्तूत आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. दांडिया बाजारातून तिथे पायी जाता येते.